पानावरची परीक्षा

दिगूभाई परब पहिल्या भेटीत कोणाचं नाव विचारत नसत. "हात दाखव," म्हणायचे. समोरच्याने बिचकत हात पुढे केला, की त्याचा अंगठा धरून वाकवायचे, ताणायचे, तळव्यावर आपली वीत लावून बघायचे आणि मग हात सोडून देत म्हणायचे, "हां, बस आता." एका कचेरीत नव्याने आलेल्या बाईंनी त्यांना ज्योतिषी समजून आपली बदली कधी होईल ते विचारलं होतं. दिगूभाई जराही न गडबडता म्हणाले, "बदलेचा माका म्हायत नाय. पण अंगठो आखूड आसा तुमचो. स्कूटरचो हॉर्न वाजवूक मूठ सोडूची लागता, खरा काय नाय?" बाईंनी हात मागे घेतला आणि पदराखाली लपवला. नंतर आठवड्याभराने त्याच बाई स्कूटर घेऊन दुकानासमोर उभ्या होत्या, हॉर्नच्या बटणावर काहीतरी चढवून घ्यायला.

दिगूभाईंचा धंदा हॉर्नचा नव्हता. कणकवलीत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं परवानाधारक बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं चष्म्याचं. गावातले टवाळ म्हणायचे, एका दुकानात नेम दिसायची सोय आणि दुसऱ्यात नेम धरायची. मला बंदुकीची भीती वाटते, आजही वाटते. पण दिगूभाईंच्या दुकानामागे त्यांचं घर होतं, घरात कुंदाकाकी होत्या, आणि कुंदाकाकींच्या हातच्या बांगडा माशाच्या तिखल्याचा, म्हणजे झणझणीत कालवणाचा, वास दुपारी माझ्या दुकानात यायचा. भीती आणि भूक यांच्या भांडणात माणूस कोणाच्या बाजूने जातो हे सांगायला नको. मी जवळजवळ रोज त्यांच्याकडे जेवलो.

ऐन उमेदीची वर्षं त्यांनी सरकारी शस्त्र कारखान्यात काढली होती. तिथून गावी आले ते हाताची कला आणि कायद्याचा धाक अशा दोन्ही गोष्टी बरोबर घेऊनच. परवान्याशिवाय कोणाची वस्तू टेबलावर ठेवून घेत नसत. दुकानाबाहेर हत्याराला कानस लावायची नाही, म्हणजे नाही. गिऱ्हाइकाने वस्तू पुढे केली की आधी ती उघडून आत गोळी नाही हे स्वतः बघायचे, मग मालकाला बघायला लावायचे, आणि मी तिथे असलो तर मलाही. "चष्मेवाल्या, तुझे डोळे बरे. बघ, आत काय दिसता?" मी लांबूनच मान डोलवायचो. "लांबसून नको. धंद्याक शोभता काय तुझ्या?"

त्यांच्याकडची निम्मी कामं आतल्या गावांतल्या शेतकऱ्यांची असायची. माकडं आणि रानडुकरं हाकायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या जुन्या एकनळी बंदुका. निवडणूक आली की या सगळ्या पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या आणि निवडणूक उरकली की गंज घेऊन थेट दिगूभाईंच्या दारात. मग ते मालकावर ओरडायचे, "ठाण्यात ठेवललस काय खाडयेत?" जसं काही ठेवायची जागा त्या बिचाऱ्याने निवडली होती. मात्र ओरडून झालं की बंदूक अशी लख्ख करून द्यायचे की मालक ती घरी नेताना गोणपाटात गुंडाळायचा नाही, मुद्दाम दिसेल अशी धरून बाजारातून न्यायचा.

पण त्यांची खरी हौस लहान पिस्तुलांची. सोनार, पंपवाले, ठेकेदार अशा परवानेवाल्यांकडची ही वस्तू कमरेला दिसू नये म्हणून लहान केलेली असते. आणि वस्तू लहान केली की तिच्यावरचे खटकेही लहान होतात. गोळ्यांचं मॅगझीन मुठीत खालून बसतं, ते सोडायला मुठीच्या बाजूला एक कळ असते. दुसरी कळ असते पिस्तूल कुलूपबंद ठेवायची. एखाद्याचा अंगठा तिथवर पोचत नाही, मग तो मूठ सैल करतो, पिस्तूल हातात फिरवतो, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी वाकडं होतं. अशा माणसासाठी दिगूभाई लांब कळ बसवून द्यायचे. कधी बाहेरून मागवलेली, बहुतेक वेळा स्वतः घडवलेली. माणूस आपल्या हाताला नावं ठेवायला लागला की ते भडकायचे. "हात ल्हान नसता रे," ते म्हणायचे, "कळ आखूड आसता." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की माझ्याकडे कोणी 'माझे डोळे गेले हो' म्हणत आलं, की मीही 'डोळे नाही गेले, काच बदलायला झाली' असं म्हणायला लागलो. बरं वाटायचं गिऱ्हाइकाला. मलाही बरं वाटायचं.

एका कामाला ते कधी हात लावायचे नाहीत. चाप हलका करून द्या म्हणणाऱ्याला ते दार दाखवायचे. "घोडो मी हलको करणंय नाय. राग इलेल्या माणसाक तो जडच बरो."

ही लांब करायची खोड दुकानापुरती राहिली असती तर ते दिगूभाई कसले! कुंदाकाकींची बोटं संधिवाताने वाकडी झाली तेव्हा त्यांनी मोरीतल्या नळाला हातभर लांब दांडा बसवला, कोपराने ढकलला तरी पाणी यावं म्हणून. माझ्या दुकानाच्या शटरला मी न सांगता आकडा जोडला. शेजारच्या म्हाताऱ्या बेकरीवाल्याच्या भट्टीच्या दाराची कडी लांब केली आणि त्याने आभार मानले तेव्हा म्हणाले, "तुझे हात भाजतत ता बघूक माका बरा वाटणा नाय, म्हणान केलंय." रागावून बोलल्यासारखं बोलले. प्रेमाचं काही बोलायचं झालं की त्यांचा आवाज चढायचा.

आता त्यांच्या परीक्षेबद्दल. लांब कळ सोयीची, पण ती नको तेव्हाही दाबली जाते, ही तिची खोड. म्हणून दिगूभाई कळ बसवली की लगेच वस्तू देत नसत. गिऱ्हाइकाने चामड्याच्या म्यानात घातलेलं रिकामं पिस्तूल कमरेला लावायचं आणि दुपारी एक वाजता त्यांच्या घरी जमिनीवर पाटावर मांडी घालून जेवायचं. पोटभर. वाकून मीठ घ्यायचं, वळून पाण्याचा तांब्या घ्यायचा, दुसऱ्यांदा भात घ्यायचा. जेवण होईपर्यंत मॅगझीन जागेवर राहिलं तर कळ पास. सुटलं तर कळ कापायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवायला यायचं. "चलताना, उभ्यान कोणय संभाळता," ते म्हणायचे. "माणूस खरो कळता तो पानार."

मालवणकडचा एक ठेकेदार आला होता. हात फावड्याएवढे, पोट त्याहून मोठं. त्याला कशाचीच अडचण नव्हती, पण मोबाइलवर बघून सगळे खटके लांब आणि चकचकीत हवे होते.

"दिगूभाई, सगळा लांब करून होया. भायरच्या देशात सगळे असाच वापरतत."

"भायरच्या देशातले तुझ्यासारखे मांडी घालून जेवतत काय?"

"तेचो काय संबंध?"

"उद्या एक वाजता कळतलो."

ठेकेदाराने पाठवलेले चकचकीत खटके दिगूभाईंनी निमूटपणे बसवले. दुसऱ्या दिवशी तो पाटावर बसला, सुरमई बघून खूश झाला, पहिला भात संपवला, दुसरा घेतला आणि सोलकढीकडे हात लांबवायला वाकला. त्याच्या पोटाच्या घडीने कळ दाबली. मॅगझीन म्यानातून सुटलं, मांडीवरून घरंगळलं आणि सोलकढीच्या वाटीत पडलं. कुंदाकाकी ओरडल्या, "माझ्या सोलकढीत लोखांड घालूचा नाय हां!" ठेकेदार ओशाळला. दिगूभाईंनी मात्र शांतपणे मॅगझीन उचललं, धुतलं, पुसलं आणि म्हणाले, "जेव आधी. सुरमयेन तुझा काय वायट केल्यान?" ते सगळे चकचकीत खटके त्याने संध्याकाळी स्वतःच काढून मागितले. पुढे तो कामाशिवायही जेवायला येत राहिला.

असा हा माणूस चुकला तो एकदाच, म्हणजे निदान माझ्यासमोर तरी. आणि चुकला तेही वंदना गावडेच्या कामात, जिथे चुकायला अजिबात जागा नव्हती.

वंदना बांद्याची. हायवेवर तिच्या नवऱ्याचा पेट्रोल पंप होता. नवरा अचानक गेला. पंपावरची रोकड बँकेत न्यायची म्हणून त्याच्याकडे परवान्याचं पिस्तूल होतं, ते पोलीस ठाण्यात जमा झालं. वंदनाने खेटे घालून स्वतःच्या नावावर परवाना काढला आणि पिस्तूल सोडवून घेतलं. पंपही तिलाच चालवायचा होता. नवरा असतानाही हिशेब, माणसं, टँकरची वेळ सगळं तीच बघत होती. पण पंप तिच्या नावावर व्हायला सासूची संमती हवी होती, आणि धाकटा दीर प्रकाश सासूच्या कानाशी बसून होता. त्याचा एकच पाढा. "वयनीचो अंगठो खटक्यार पोचणा नाय. पिस्तूल पेलणा नाय तिका, पंप काय पेलतलो?" म्हाताऱ्या सासूला पंपातलं कळत नव्हतं, पण न पेलणारा हात तिला कळत होता. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

वंदना दुकानात आली तेव्हा कचेरीत बोलावं तसं बोलली. "काका, हे मला वापरायचं आहे. विकायचं नाही. सगळे विका म्हणतात."

"हात दाखव."

तिने हात पुढे केला. दिगूभाईंनी अंगठा बघितला, पिस्तुलाची मूठ बघितली आणि हात हळूच सोडला. "तुझो हात ल्हान नाय गो चेडवा. तुझ्या घोवाचो मोठो होतो, इतक्याच काय ता."

एवढ्यावर ती बाई रडायला लागली. मग डोळे पुसून आमच्या बोलीत म्हणाली, "ह्या आमच्या घरात कोणीच बोलूक नाय, काका."

त्या कामाला दिगूभाईंनी जीव लावला. तिचा अंगठा कागदावर काढून घेतला. दोन कळा घडवून मोडीत टाकल्या, तिसरी बसवली. वंदनाने मुठीवरची पकड न सोडता अंगठ्याने ती दाबली आणि रिकामं मॅगझीन अलगद सुटून तिच्या दुसऱ्या हातात आलं. तेव्हा हसली. वस्तू न्यायचा दिवस ठरला, ती आली, आणि त्या दिवशी होती संकष्टी.

"आज माझो उपास, काका. चंद्र दिसासर चायशिवाय काय घेणंय नाय."

दिगूभाई पेचात पडले. उपास धरलेल्या माणसाला पानावर बसवायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. कुंदाकाकीही आतून म्हणाल्या, "उपाशी बायल मानसाच्या फुड्यात पान मांडूचा म्हणजे पाप." वंदनाला दुसऱ्या दिवशी बँकेत रोकड घेऊन जायची होती, तेव्हा पुन्हा ये म्हणणंही जड. शेवटी त्यांनी तिला पिस्तूल लावून जिना चढायला-उतरायला लावला, स्कूटरवर बसवलं, खुर्चीत बसवून चहा दिला, वाकून पायातली चप्पल काढायला लावली. मॅगझीन हललं नाही. कळ पास झाली आणि वंदना बांद्याला गेली.

आता तुम्ही म्हणाल, मांडी घालून बसायला जेवण कशाला लागतं? पाटावर नुसतंही बसता येतं. खरं आहे. पण दिगूभाईंच्या डोक्यात पाट, पान आणि मांडी ही एकच वस्तू होती. पान नाही तर पाट नाही, आणि पाट नाही तर मांडी कुठली! कुंदाकाकींना सुचलं नाही, वंदनाला सुचायचं कारण नव्हतं. इतक्या हुशार माणसाने इतकी साधी गोष्ट विसरावी याचं मला पुढे कितीतरी दिवस हसू येत असे. त्या वेळी मात्र हसण्यासारखं काही झालं नाही.

दसऱ्याला पंपावर पूजा असते. यंत्रं, वजनं, टँकरची चावी, सगळ्याला झेंडू. दरवर्षी वंदना नवऱ्याबरोबर पाटावर बसायची. या वर्षी तिथे आपणच जोडीने बसायचं म्हणून प्रकाशने आपल्या बायकोसाठी नवी साडीसुद्धा आणली होती. पण वंदना सकाळी आली, कोणाला न विचारता एकटीच पाटाकडे गेली. कमरेला पिस्तूल होतं, तेही पूजेत ठेवायचं होतं म्हणून रिकामं करून आणलेलं. सासू बघत होती, पंपावरची पोरं बघत होती, पाहुणे बघत होते. वंदना मांडी घालून बसली, पूजेच्या ताटाकडे वाकली आणि मॅगझीन सुटून झेंडूच्या फुलांत पडलं.

प्रकाश मोठ्याने म्हणाला, "बघलंस, आई?" सासू उठून घरी गेली.

वंदनाचा फोन आला तेव्हा मी दिगूभाईंच्या दुकानात आपट्याची पानं घेऊन गेलो होतो. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "बसललस कशी?"

"पाटार, काका. मांडी घालून."

दिगूभाईंनी कपाळावर हात मारला. इतका जोरात की कुंदाकाकी बाहेर आल्या. मग त्यांचा आवाज चढला. "उद्या एक वाजता जेवक ये. सासूक घेऊन, दिराक घेऊन."

"ते येवचे नाय, काका."

"सासूक सांग, दिगू परबान चूक केल्यान, ती बघूक येवा. दुसऱ्याची चूक बघूक लोक मुंबयसून येतत, बांद्यासून येवचे नाय?"

आले. प्रकाश पांढऱ्याशुभ्र शर्टात, जावई असल्यासारखा. सासू उंच, कोरडी, ताठ. ती भिंतीला टेकून बसली. दिगूभाईंनी वंदनाकडून पिस्तूल घेतलं, उघडून रिकामं आहे ते बघितलं, तिला दाखवलं, मला दाखवलं. प्रकाशने बघायला हात पुढे केला तर म्हणाले, "परवानो आसा तुझो? नाय ना? मगे हात फाटी." मग ते म्यान स्वतःच्या कमरेला लावलं, सगळ्यांसमोर पाटावर मांडी घातली आणि पुढे वाकले. मॅगझीन खाली पडून टणकन वाजलं.

प्रकाशला हसू आलं.

"हास," दिगूभाई म्हणाले. "आता माझो हात बघ. ह्या हातान मी नारळ सोलतंय. हो ल्हान आसा? मॅगझीन माझ्या कमरेरसूनय पडला." मग सासूकडे वळून म्हणाले, "वयनी, चूक तुमच्या सुनेची नाय. माझी. मी उपासाक भियालंय आणि तिका पानार बसवक नाय. चेडवान माझ्यार इस्वास ठेवल्यान आणि चार लोकांत तिचा हसा झाला. ता माझ्यामुळे."

मी दिगूभाईंना कोणापुढे मान खाली घातलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी मान खाली घातली नाही. चूक कबूल करतानासुद्धा ते गिऱ्हाइकाला ओरडतात त्याच आवाजात ओरडत होते. पण मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की आपण या माणसाच्या शेजारी दुकान मांडून बसतो हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

ते उठून दुकानात गेले. भिंतीपलीकडून कानशीचा आवाज येत राहिला. कुंदाकाकींनी पाणी दिलं. परत येऊन दिगूभाई पुन्हा पाटावर बसले, वाकले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले, जरा उड्याही मारल्यासारख्या केल्या. मॅगझीन हललं नाही. मग त्यांनी पिस्तूल वंदनाकडे दिलं. "दाब बघू, अंगठो पोचता?" तिने मूठ धरून कळ दाबली. अंगठा पोचला.

"आता पानार बस."

वंदना पाटावर बसली. तिच्यासमोर पान मांडलं गेलं. कुंदाकाकी भाताचं पातेलं घेऊन आल्या, आणि तेवढ्यात भिंतीला टेकलेली सासू उठली. कुंदाकाकींच्या हातातून तिने पळी घेतली.

"मी वाडतंय," ती म्हणाली.

तिने सुनेच्या पानात भात वाढला, त्यावर तिखलं घातलं. वंदना वर बघत नव्हती. दिगूभाईंना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांची नजर तिच्या कमरेवर खिळलेली. "हां, आता वाकान मीठ घी. जास्त वाक. आता वळान पाणी घी. मोठो घास घी गो, असो काय चिमणेसारखो!" परीक्षक आपलं काम करत होता आणि त्याच्यासमोर भलतंच काही चाललं होतं. मी कुंदाकाकींकडे बघितलं, त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता.

प्रकाशला भूक लागली असावी. "आई, माका?"

"तू थांब," सासू म्हणाली. "आधी मालकीण जेवतली."

वंदना तशीच, मान खाली घालून, दुसरा भात जेवली. मॅगझीन जागेवर राहिलं. "पास!" दिगूभाई ओरडले आणि मग आमच्या सगळ्यांचे चेहरे बघून त्यांना कळेना की हे लोक रडतायत कशाला.

पंप वंदनाच्या नावावर झाला. आजही तीच चालवते. बांद्याहून कणकवलीला काही कामाने आली की दिगूभाईंकडे मासे घेऊन यायची आणि ते दरवेळी तिला पाटावरच बसवायचे.

दिगूभाईंना अर्धांगाचा झटका आला तो नंतर. वाचले, काठी घेऊन चालायलाही लागले. उजवा हात बराचसा परत आला, पण अंगठा आला नाही. पेन धरता यायचं नाही, कानस तर दूरच. दुकान त्यांनी स्वतःहून बंद केलं, पाटी उतरवली, गिऱ्हाइकांच्या वस्तू ज्याच्या त्याला परत दिल्या. त्याचं दुःख त्यांनी केलं नाही. "हात होतो तोपर्यंत केलंय," म्हणाले. पण त्यांचं स्वतःचं एक जुनं पिस्तूल होतं, कारखान्याच्या दिवसांपासूनचं. त्याचा परवाना नव्याने करायची वेळ आली आणि अंगठा चालत नसताना ते ठेवायचं की जमा करायचं, तिथे मात्र ते अडले. ते पिस्तूल त्यांनी आयुष्यात कधी रोखलं नव्हतं. रोज तेल देत, पुसत, परत ठेवत. मला वाटतं, कारागीर म्हणून उरलेली तेवढी एकच खूण होती.

वंदना त्या दिवशी सुरमई घेऊन आली होती. म्हणाली, "काका, तुमचीच शिकवण ना? हात ल्हान नसता. डाव्या हाताची कळ करून घेव्या. कसा करूचा ता तुमी सांगा, कारागीर मी शोधतंय."

दिगूभाईंनी यावर खरोखर विचार केला. डावा अंगठा वाकवून बघितला, पिस्तूल डाव्या मुठीत धरून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली, आणि मला वाटलं, आता कागद मागतील. त्यांनी कागद मागितला नाही.

"कुंदा," ते म्हणाले, "पान वाड. खाली."

झटका आल्यापासून ते टेबलावर जेवत होते. कुंदाकाकींनी पाट मांडला, पान मांडलं. रिकाम्या पिस्तुलाचं म्यान त्यांच्या कमरेला लावलं गेलं. एका बाजूने वंदनाने धरलं, दुसऱ्या बाजूने मी, आणि आम्ही त्यांना खाली उतरवू लागलो. अर्ध्यावर उजवा पाय अडला. तो दुमडेना. त्यांनी एकदा जोर लावला, पुन्हा एकदा लावला. मग तसेच आमच्या खांद्यांवर लोंबकळत त्यांनी पाटाकडे बघितलं.

"नाय," ते म्हणाले. गिऱ्हाइकाची कळ नापास झाली की म्हणायचे तसंच, अगदी त्याच आवाजात. "जो पानारच बसूक शकणा नाय, तो पास कसो होतलो? नापास. उचला माका."

वंदना रडायला लागली तर तिच्यावर ओरडले. "रडतस कित्या? तुका एक न्याय आणि माका दुसरो? सुरमय वाड."

दुसऱ्या दिवशी वंदनाच गाडी घेऊन आली. आम्ही तिघे पोलीस ठाण्यात गेलो. दिगूभाईंनी पिस्तूल जमा केलं, पावती घेतली आणि निघताना तिथल्या तरुण अंमलदाराला म्हणाले, "हात दाखव." त्याने गोंधळून दाखवला. "बरो आसा," दिगूभाई म्हणाले, आणि काठी टेकत बाहेर आले.

घरी येऊन जेवलो. ते टेबलावर, मी आणि वंदना खाली. जेवण झाल्यावर ते हात धुवायला मोरीत गेले आणि मीही मागोमाग गेलो, पडतील बिडतील म्हणून. तिथे तो नळ होता, कुंदाकाकींच्या वाकड्या बोटांसाठी लांब दांडा बसवलेला. दिगूभाईंनी उजव्या कोपराने तो ढकलला. पाणी आलं.

ते थांबले. दांड्याकडे बघत राहिले.

"बघ रे चष्मेवाल्या," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मला भरून आलं. "कुंदासाठी केललंय. आज माझ्या कामाक इलो."

आता दिगूभाई नाहीत. मला ते आठवतात ते त्या मोरीत, पाण्याखाली डावा हात धरून उभे असलेले. आतून कुंदाकाकी ओरडल्या, "पाणी फुकट जाता हां!" तरी बराच वेळ त्यांनी तो नळ बंद केला नाही.